सिस्टरबाईंनी थांबवलेली गोळी

त्या दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात, डोक्याच्या आजाराच्या वॉर्डात, आम्ही पाच जणं होतो. खाटेवर माझी लेक सुमन. पायाशी मी. दारात तिचा मोठा दीर, आबा. गोळ्यांचा ट्रे घेऊन नवी नर्स रजिया. आणि मास्तरीणबाई.

मास्तरीण कसल्या, सिस्टरच होत्या. पण ड्युटी संपली की चादरींच्या खोलीत गाठोड्यांवर नर्सांना बसवून गोळ्यांचं शिकवायच्या, म्हणून चेष्टेनं पडलेलं नाव. तळहातावर गोळी ठेवून विचारायच्या, "ही पोटात जाऊन काय करते? सांग, मग दे." उत्तर आलं नाही तर गोळी परत ट्रेमध्ये. मी दाराबाहेर बसून ऐकायची. कळायचं थोडंच.

मेट्रन म्हणायची, "वीस वर्षं नोकरी झाली तुमची, आता काय शिकायचं?" बाई म्हणायच्या, "औषधं नवी येतात, मग मी जुनी कशी राहू?" पुण्याच्या शिबिराला रजा दिली नाही, तर स्वतःची साठवलेली सुटी टाकून गेल्या. डॉक्टर हसले, "कॉलेज काढलं का?" त्या म्हणाल्या, "हो साहेब. तुम्ही पण या, फी नाही."

सुमनला लिथियमची गोळी चालू होती. चांगला उतार पडत होता. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी आमच्या कानबाई देवीला नवस बोलले होते, पोरगी बरी होऊ दे, सव्वा महिना ती अलोणं खाईल. दवाखान्याचं जेवण मी परत करायची आणि देवपूरहून बहिणीच्या घरची बिनमिठाची भाकर आणायची. नवस कोणाला सांगायचा नसतो, म्हणून सांगितला नाही. वैशाखाचं ऊन होतं.

त्या दिवशी सुमनचे हात थरथरायला लागले. उलट्या, जुलाब. उठवलं तर झोकांड्या. आबा म्हणाले, "हिना आंगमा देवी उनी शे. घर लई चाला." अंगात देवी आली म्हणून घरी न्यायला निघाले, तर मी आडवी आले. म्हटलं, "हात तर लावून बघा!"

रजिया गोळी द्यायला आली आणि थांबली. "बाई, हिचे हात बघा. परवा तुम्ही शिकवलं ना, पाणी आणि मीठ?" मग माझ्याकडे वळली. "मावशी, हिच्या जेवणात मीठ असतं ना?"

मी भाकरीचं फडकं पदराखाली सारलं. मास्तरीणबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. तोंडातून निघून गेलं माझ्या, "नवस आहे."

रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नवस तुम्ही बोललात, मग मीठ तिचं का तोडलंत?" शरीरात मीठ कमी झालं की ही गोळी अंगात साठते आणि विखार करते, हे त्यांनी मला तिथंच सांगितलं. रजियाला डॉक्टरांकडे पळवलं.

मेट्रन आली. "डॉक्टरांनी लिहिलेली गोळी तुम्ही कशी थांबवली?" बाईंनी केसपेपर पुढं सरकवला. "लिहा, मी थांबवली. खाली सही पण करते." आणि केली. डॉक्टर आले, रक्त काढलं, सलाईन लावलं. गोळी बंदच ठेवा म्हणाले. हसले नाहीत त्या दिवशी.

सुमन वाचली. राहिलेला नवस मी फेडला, स्वतः अलोणं खाऊन. कानबाई काही रागावली नाही.

पावसाळ्यात बाईंची बदली जळगावला झाली. सही केली म्हणून, असं सगळे म्हणत होते. जाताना आपली वही रजियाला दिली आणि म्हणाल्या, "गाठोडी तिथंच आहेत. बसव सगळ्यांना." मला म्हणाल्या, "अक्का, तू पण आत बस. दाराबाहेर नको." रजियाच्या वर्गात मी आत बसले, सुमनला सुटी मिळेपर्यंत.

बाई आता नाहीत. सुमनला नातू झालाय. मला लिहिता येत नाही, तिच्याच पोरीनं हे लिहून घेतलंय.

वाचणारी नर्स असशील तर एक ऐक बाई. कोणी हसलं तरी शिकायचं सोडू नको. आणि गोळी देण्याआधी माझ्यासारख्या आईला विचार, पोरीला काय खाऊ घालतेस. एकदा विचारून तिनं सांगितलं नाही, तर परत विचार.