सामंतकाकांची तलवार

छोट्या शिशूच्या प्रवेशाच्या मुलाखतीत आमच्या लेकीने, सानिकाने, "माझे बाबा एप्रन बांधून बंद खोलीत बसतात" असं सांगितलं तर? या काळजीने माझी झोप उडाली होती. शाळा नौपाड्यातली, जुन्या वळणाची, बाई कडक, आणि बाबा फ्रीमेसन.

माझा नवरा नितीन ठाण्यातल्या त्या छोट्याशा लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाच्या शाखेचा, सभासद झाला आणि घरात किस्से साठायला लागले. रद्दी निदान रद्दीवाला तरी नेतो.

*

त्यांचा सगळा विधी तोंडपाठ असावा लागतो. नितीन दाढी करताना पुटपुटायचा. सासूबाईंनी विचारलं, "कुठलं स्तोत्र रे?"

"आई, ते सांगता येत नाही."

सासूबाई एकदम खूश. मलाच दटावलं, "गुरुमंत्र असणार. तूही खोदून विचारू नकोस हं."

*

एप्रन पांढरं, कोकराच्या कातड्याचं. मी बीएस्सी झालेली बाई, तरी ते नीळ घालून धुतलं. वाळल्यावर त्याचा पापड झाला. नितीन तसंच बांधून गेला. तिथले एक म्हातारे पारशी गृहस्थ त्याला म्हणाले, "फिकर नको. माझ्या बायकोने इस्त्री फिरवली होती."

*

वर्षातून एकदा बायकामुलांना जेवायला बोलावतात. मी कवट्या बघायच्या तयारीने गेलेले. टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवलेले. भिंतीवरच्या फळ्यावर आजवरचे अध्यक्ष: आधी रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांची नावं, मग पारशांची, खाली आपले जोशी-पाटील. आत धर्म आणि राजकारण बोलायचं नाही, हा नियम.

"मग तुम्ही बोलता काय?" मी विचारलं.

नितीन म्हणाला, "बहुतेक गुडघ्यांबद्दल."

*

सभा चालू असताना दाराबाहेर एक सभासद उघडी तलवार घेऊन पहारा देतो. आमच्या लॉजमध्ये हे काम सामंतकाकांचं. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, स्वभावाने लोण्यासारखे. त्या जेवणाच्या दिवशी सानिकाने त्यांना विचारलं, "तुम्ही आत का नाही जात?"

"मी आत गेलो तर बाहेर कोण राहील?"

तिला हे इतकं पटलं की तिने त्यांची पाठ सोडली नाही.

*

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात संप चाललेला. तिथला मॅनेजर आणि युनियनचा पुढारी, दोघेही याच लॉजचे. सभेच्या दिवशी दोघे भांडतच जिना चढले. काकांनी दारात तलवार आडवी धरली. "भांडण इथे ठेवा. मी राखतो. जाताना घेऊन जा."

दोघे आत शेजारी बसले, एका टेबलावर जेवले. निघताना काका म्हणाले, "अहो, तुमचं राहिलं की."

मॅनेजर म्हणाला, "असू दे. उद्या गेटवर नवीन करू."

सानिकाने हा किस्सा बाबाकडून रोज झोपताना ऐकला. मला वाटलं, ऐकू दे. माणसं खरंच चांगली आहेत.

*

मुलाखतीचा दिवस. आमचा नंबर आला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात मी आणि नितीन दबक्या आवाजात भांडत होतो.

"एप्रनचं बोलायचं नाही, हे तू तिला सांगणार होतास."

"सांगितलं की ती हमखास बोलते. तुझ्यावर गेलीय."

बाईंनी स्वतः दार उघडलं. "या."

सानिका पुढे झाली आणि तिने दारात आपली लाल छत्री आडवी धरली. आमच्याकडे बघून म्हणाली, "भांडण इथे ठेवा. मी राखते."

बाईंनी चष्मा खाली केला. "बरं. आईबाबा आत येतील. पण मुलाखत तर तुझी आहे. तू नाही येणार?"

सानिका म्हणाली, "मी आत आले तर बाहेर कोण राहील?"