पेत्राच्या सासूचा ताप

मंजुळाबाईंनी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये उभी हयात भाकऱ्या थापल्या. त्यांच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठला नाही, आणि ‘बाई, जरा बसा’ म्हणणाऱ्याची काही धडगत नसे. मग पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण बोटं आखडली. एकदा उकळत्या चहाचं पातेलं हातातून निसटलं, पाय थोडक्यात वाचले. त्या दिवसापासून सून मोनिकाने त्यांना ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. सून वाईट नव्हती, हीच तर पंचाईत! वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

एका गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या कासारवाडीच्या घरी घरप्रार्थना होती. प्रार्थनेनंतरचा चहा ज्याचं घर त्याने करायचा, आणि या घरचा चहा म्हणजे मंजुळाबाईंचा, हे चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक. ज्योतीराम पाळकांनी बायबलमधून येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूची गोष्ट वाचली. ती तापाने अंथरुणाला खिळलेली, येशूने हात धरून उठवलं, ताप गेला आणि ती लगेच सगळ्यांच्या पाहुणचाराला लागली.

मोनिकाला राहवलं नाही. “पाळकसाहेब, बिचारी आत्ता कुठं बरी झाली, आणि लगेच चुलीपुढं? एक दिवस तरी निजू द्यायचं तिला!”

बायका हसल्या. पाळक गडबडले.

खुर्चीतून मंजुळाबाई म्हणाल्या, “अगं, तिला ऊठ नि वाढ असं कुणी म्हटलंच न्हाई. तीच लागली कामाला. ताप गेला तवा निम्मी बरी झाली, पावण्यांना वाढलं तवा पुरती. माझा ताप जाऊन किती महिनं झालं, मोनिका? मी अजून आजारीच हाय.”

चार माणसांत सुनेला बोलायला नको होतं, असं मंजुळाबाईंनाच वाटून गेलं.

आमेन झाल्यावर मोनिका आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. झालं, म्हणजे तीच करणार! मंजुळाबाईंनी मान खाली घातली. पण मोनिका परत आली आणि खुर्चीपुढे उभं राहून तिने हात पुढे केला.

“आई, उठा. आधण ठेवलंय. चहा तुम्ही टाका.”

मंजुळाबाईंनी आखडलेल्या बोटांनी पातेलं उतरवलं. शेजारी मोनिकाने स्वतःचे हात काखेत घट्ट दाबून धरले. थोडा चहा ओट्यावर सांडला, तरी ती पुढे झाली नाही.

ज्योतीरामांनी घोट घेतला. “आलं जरा जास्तच पडलंय, मंजुळाबाई.”

“पडू द्या. कप करा पुढं, अजून हाय,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.