शेषरावकाकांची गच्ची रंगवायला निघालो तेव्हा

विजेची बचत या विषयावर मी सलग दीड तास बोलू शकतो, आणि त्यामुळे आमच्या घरी माझ्याशी कुणी बोलत नाही.

हे वेड मला नव्या जालन्यातल्या आमच्या बियाण्याच्या कंपनीत लागलं. तिथं आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं की गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, घर गार राहतं, कूलर कमी लागतो. त्याच रविवारी मी परतूरला आमच्या गच्चीवर चढलो आणि रंगाचे दोन हात मारले. (तिसरा हात माझ्याच डोक्यावर बसला, तो धरलेला नाही.) घर खरंच गार झालं. मग काय, गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवली. सगळ्यांचं एकच उत्तर, "शेषरावकाका काय म्हणतेत?"

शेषरावकाका आमचे शेजारी. त्यांनी बोअर घेतला की गल्ली बोअर घेते, त्यांनी मिशी काढली की गल्ली मिशी काढते. त्यांचे दोन कूलर दिवसभर घरघरत असतात. महिनाभर मागे लागल्यावर ते म्हणाले, "उद्या दुपारी दोनला तुझ्याकडं येऊन बसतो. गार वाटलं तर मी बी रंग देतो. न्हाई वाटलं तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा न्हाई."

म्हणजे गल्ली तरी मिळणार होती, नाहीतर कायमचं गप्प बसणं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी पोचलो तर काका दारात हजर. मी पंखा बंद केला.

"अहो, जरा ऐका," सुनंदा, म्हणजे आमची बायको, आतून म्हणाली.

"नंतर," म्हणत मी खिडक्याही लावल्या. परीक्षा म्हणजे परीक्षा.

पाच मिनिटांत काकांनी टोपी काढली. दहा मिनिटांत सदऱ्याची बटणं सोडली. भिंतीवरची पाल उठून मोरीत गेली.

"काका, गार वाटतंय ना?"

"इलास, मला घाम येऊन राह्यला."

"घाम आला म्हणजे अंग गार होतं," मी म्हणालो. शास्त्र अजून माझ्या बाजूनं होतं.

"अहो, ऐका तरी."

"थांब गं."

काका उठले. "मी बाहेर उन्हात बसतो. येताना तिथं बरं वाटत होतं."

मला रडू यायचंच बाकी होतं. तिरमिरीत जिना चढून गच्चीवर गेलो, मागून काका. पाहतो तर माझी पांढरी गच्ची गायब! शेतात टरबुजाला अंथरून उरलेला मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला, काळी बाजू वर. त्यावर पाच पायली गव्हाच्या कुरडया, आणि मधोमध डोक्यावर पदर घेऊन बसलेली माझी माय.

"माय, हे काय केलं?"

"तुझ्या रंगानं गच्ची पार गार पडली. काल घातलेल्या कुरडया आज बी मऊच. दोन्ही लेकींकडं पाठवायच्यात मला. मंग सकाळी तू गेल्यावर कागद टाकला."

म्हणजे रंग चालला होता. याचा आनंद तिथं मला एकट्यालाच झाला.

"हेच सांगून राह्यले होते मी," सुनंदा जिन्यातून म्हणाली.

काकांनी एक कुरडई उचलून मोडली. कट्‌कन आवाज आला. "ही कधी घातल्ती, वहिनी?"

"ही आज सकाळीच की."

काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग तळपाय भाजायला लागल्यावर खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, पुढं काका. माझा ऊर भरून आला. मी उरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकणही उघडायला घेतलं.

"इलास," काका म्हणाले, "तो काळा कागद जल्दी कुठं भेटंल?"

मी दुकान सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर मोटरसायकलवर जाऊन स्वतः कागद आणून दिला, कारण महिनाभरात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून माझा सल्ला मागायला आलं होतं. आता आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्या काळ्या आहेत, कुरडया एका दिवसात वाळतात, काकांनी तिसरा कूलर घेतलाय, आणि ही युक्ती कुणाची असं विचारलं की सगळी गल्ली मोठ्या कौतुकानं माझं नाव सांगते.