भवानी पेठेतल्या फळेवाल्या अक्का

'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' या शब्दांनी सुरू होणारा कागद दिसला की अक्कांच्या कपाळाला आठी पडायची. "कळवतंय कोण आन् कळतंय कुणाला?" असं पुटपुटत त्या चष्मा लावायच्या, कागद शेवटपर्यंत वाचायच्या आणि मग माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारायच्या, "म्हंजी काय?"

मी तेव्हा माळशिरसहून सोलापूरला नुकताच नोकरीला आलो होतो. भवानी पेठेजवळच्या पालिकेच्या विभागीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक. लोक 'फळेवाल्या अक्का, फळेवाल्या अक्का' म्हणायचे, त्यामुळे पहिले दोन दिवस मला वाटलं, या बाई फळं विकतात. तिसऱ्या दिवशी मी एक डझन केळी मागितली तेव्हा त्या एवढ्या हसल्या की खिडकीबाहेरची रांग वळून बघायला लागली. अक्का पेठेतल्या एका शाळेत शिपाई होत्या. पटसंख्या घटली, शाळा बंद पडली, त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. बाकं, कपाटं दुसऱ्या शाळांत गेली. चौथीच्या वर्गातला फळा मात्र अक्कांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टांगला. त्यावर रोज पेठेच्या बातम्या लिहायच्या, हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

सकाळी कार्यालय उघडलं की त्या यायच्या. चप्पल दाराबाहेर काढायच्या. आमच्याकडे तशी कुणी काढत नसे. "सायेब, काय नवीन?" म्हणत सूचनाफलकापाशी उभ्या राहायच्या. एकदा मी त्यांना नवं परिपत्रक वाचून दाखवलं. तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे, असा मजकूर होता.

"म्हंजी उद्या पाणी येणार हाय का न्हाय?"

"नाही येणार, अक्का."

"मग तसं लिवा की. लई लाजता तुमी लोक."

तासाभराने फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : 'उद्या पाणी नाही. परवा सकाळी येईल असं ऑफिस म्हणतंय. आलं की खरं.' त्या शेवटच्या वाक्यावरून आमच्या अधीक्षकांनी मला अर्धा तास झापलं. तिसऱ्या दिवशी पाणी वेळेवर आलं. अक्कांनी लगेच फळ्यावर लिहिलं, 'पाणी आलं. ऑफिसचे आभार.' अधीक्षक मुद्दाम वाट वाकडी करून ते वाचून आले आणि दिवसभर खुशीत होते.

चुकीची बातमी पुसून टाकायची नाही, ती दुरुस्त करायची, तीही मोठ्या अक्षरात, हा अक्कांचा नियम होता. तो मला चांगलाच महागात पडणार, असं एकदा वाटलं. गुडघेदुखीच्या तपासणी शिबिराचा वार मी त्यांना गुरुवार सांगितला. शिबिर होतं शुक्रवारी. गुरुवारी दहा-बारा म्हाताऱ्या बायका उन्हात ताटकळल्या आणि परत गेल्या. संध्याकाळी मी भीतभीत गिरणीपाशी गेलो. फळ्यावर होतं : 'काल लिहिलेला वार चुकला. चूक माझी. शिबिर उद्या आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी सांगा, रिक्षा करू.' माझं नाव कुठेही नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, चूक तर माझी होती."

"तुमचं नाव लिवून कुणाचा गुडगा बरा होणार हाय?" त्यांनी हातावरचा खडू झटकला. "पर आता कागद बघून सांगत जावा. तोंडपाठ सांगू नका."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी तारीख, वार कागद बघूनच सांगतो.

पेठेत एक जुनी दगडी विहीर होती. बऱ्याच वर्षांपासून लोक तिच्यात कचरा टाकत होते. एके दिवशी ती बुजवून तिथे वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आला. हरकती व सूचना मागवणारी नोटीस नियमाप्रमाणे आमच्या कार्यालयात लागली, ती नेमकी जिन्याखालच्या भिंतीवर, जिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. पंधरा दिवसांची मुदत होती. आठ दिवस कुणीही ती वाचली नाही. नवव्या दिवशी मी अक्कांना म्हणालो, "जिन्याखाली एक कागद आहे." एवढंच म्हणालो, आणि तेवढं म्हणतानाही अधीक्षकांच्या दाराकडे बघून घेतलं.

मला वाटलं, अक्का आता 'विहीर वाचवा' असं लिहितील. त्यांनी लिहिलं : 'आपली विहीर बुजवायचं चाललंय. नको म्हणणाऱ्यांनी अर्ज करा. बुजवा म्हणणाऱ्यांनीही करा. सहा दिवस राहिलेत.' पेठेत एकदम दोन तट पडले. बुजवा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होत्या नूरजहाँभाभी. त्यांचं घर विहिरीला लागून होतं आणि त्यांची मुलगी आदल्या पावसाळ्यात डेंग्यूने दवाखान्यात होती. त्या भर चौकात अक्कांना म्हणाल्या, "तुम्हारा घर दूर है, इसके वास्ते तुमकू बावडी प्यारी है."

अक्का घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नूरजहाँभाभींच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत बसून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "खरं बोलती ती. तितं तासभर बसवत न्हाय, माशा तोंडात जात्यात. आन् ही पोरीबाळी घिऊन ऱ्हाती." त्यांनी फळ्याचा अर्धा भाग पुसला आणि नूरजहाँभाभींचं सगळं म्हणणं त्यांच्या नावानिशी लिहून काढलं. 'वास. डास. मुलीचं आजारपण. तीन अर्ज केले, कुणी आलं नाही.' पेठेतले लोक थांबून वाचत होते. कचरा टाकणारे हातही त्यांच्यातच होते.

सुनावणीला आमचं छोटं सभागृह गच्च भरलं. नुकत्याच रुजू झालेल्या अभियंताबाई ऐकायला बसल्या होत्या. त्यांनी नूरजहाँभाभींना विचारलं, "म्हणजे तुम्हाला विहीर बुजवून हवी आहे?"

भाभींनी अक्कांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मेरेकू बास नक्को, मच्छर नक्को. साफ होती होगी तो बावडी से मेरा क्या झगडा है?"

अभियंताबाईंनी मान डोलावली. उन्हाळा संपेपर्यंतची मुदत त्यांनी दिली. विहीर साफ झाली आणि साफ राहिली तर प्रस्ताव मागे, नाहीतर बुजवायची. एक अटही घातली, पेठेतलं कुणीही आत उतरायचं नाही. आत विषारी वायू असू शकतो, त्यामुळे त्यासाठी जाणती माणसं येतील.

जाणती माणसं उतरली, वर काढलेला कचरा वेगळा करायला पेठ उभी राहिली. टॉवेलच्या कारखान्यांतल्या सुताचे गुंते, थर्माकोलची मखरं, पिशव्यांचे ढीग, एक सायकल आणि शिलाई मशीनचं एक चाक. अक्का रोज फळ्यावर यादी द्यायच्या आणि खाली लिहायच्या, 'ज्याचं असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावं.' एकही जण आला नाही. मात्र त्या यादीनंतर विहिरीत कचरा टाकताना कुणी दिसलं नाही. बाराव्या दिवशी तळाच्या कपारीतून पाणी झिरपायला लागलं. नूरजहाँभाभींनी ते ओंजळीत घेऊन नाकाला लावलं, आणि अक्कांचा हात धरला.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली, पंप बसला. नळाला पाणी नसेल त्या दिवशी धुण्याभांड्याला आणि एरवी रस्त्याकडेच्या नव्या झाडांना तिचं पाणी मिळू लागलं. पंपाची किल्ली सगळ्यांच्या संमतीने नूरजहाँभाभींकडे गेली. वाहनतळाची फाइल मी स्वतः बंद करून कपाटात ठेवली. नोकरीत इतक्या आनंदाने मी दुसरी कुठलीही फाइल बंद केलेली नाही.

पुढे अक्कांची नजर अधू झाली, त्यात पाय घसरून कमरेचं हाड मोडलं. मुलगी त्यांना अक्कलकोटच्या पुढे, आपल्या सासरच्या गावी घेऊन गेली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या आणि भोवती गल्लीतल्या चार बायका कन्नडमध्ये तावातावाने काहीतरी सांगत होत्या. मला एक अक्षर कळेना. अक्कांनी मला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही.

"बरं झालं आलात. हितल्या नळापाशी डबकं साचतंय, पोरं आजारी पडायल्यात. ह्यांना पंचायतीत जायचंय, पर कागद कसा लिवायचा ते ठावं न्हाय. तुमाला ठावं हाय की."

"अक्का, मी रजेवर आहे."

"मग तर वेळच वेळ हाय."

मी कागद लिहिला आणि त्या चौघींबरोबर चालत पंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस निघाला. जागेवर येऊन त्याने डबकं पाहिलं आणि सोमवारी शोषखड्डा खणायचं कबूल केलं. परत आल्यावर अक्कांनी मला सगळी हकिकत दोनदा सांगायला लावली, कोण काय म्हणालं तेसुद्धा.

त्यानंतर पाच महिन्यांनी अक्का गेल्या. सोलापूरहून भरलेली जीप गेली होती, पुढच्या सीटवर नूरजहाँभाभी होत्या. पण अक्कांची आठवण निघाली की मला तो शोषखड्ड्याचा सोमवारच आठवतो. दुपारी मी कार्यालयात होतो आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. मागे कुदळींचा आवाज येत होता.

"दादा, आईनं खाट दारात घ्यायला लावलीय," ती हसत म्हणाली. "दिसत तर काही नाही तिला. पण खणणाऱ्यांना म्हणतीय, आजून एक हात खोल घ्या की."