वीस फेऱ्या आणि कूलरवाले भाऊ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शर्यतीची गाडी बांधली. एकच जण बसेल एवढी, मागे जुन्या मोटरसायकलचं इंजिन. गाडीचं अंग, म्हणजे बाहेरचा सगळा फायबरचा आकार, माझ्याकडे. इंजिन थंड ठेवायचं काम वर्गातल्या एका मुलाकडे. तो वरोऱ्याचा, मोजकं बोलणारा. मी चंद्रपूरची, आणि माझं तोंड कधी मिटत नाही.

आमचं भांडण जगातल्या प्रत्येक शर्यतीच्या गाडीत होत असणार. रेडिएटरला वारा हवा, म्हणून गाडीला तोंड ठेवावं लागतं. आणि तोंड जेवढं मोठं, तेवढा वारा गाडीला मागे ओढतो. गाडीच्या बाजूला असलेल्या ज्या पेटीत रेडिएटर बसायचा तिला मी इवलंसं तोंड ठेवलं होतं. मागे ती निमुळती होत होत मिटत जायची, तलावातल्या मरळ माशासारखी. दोन महिने फायबरची खाज सोसून मी ती घडवली होती. कुणी सहज हात लावला तरी मी खेकसायचे.

सरांची अट एकच होती. मैदानावर न थांबता वीस फेऱ्या मारा, तरच स्पर्धेला पाठवतो. परीक्षा आटोपेपर्यंत मे उजाडला. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळी दहाला कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत, तिथे आम्ही हेल्मेट घालून गाडी पळवत होतो. सातव्या फेरीला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडी बसली.

"तोंड मोठं करा लागन," तो म्हणाला.

"करवत लावून तर बघ माझ्या गाडीले!" मी म्हणाले.

मग सगळ्यांनी मिळून शहाणपणा केला. चंद्रपूरच्या माणसाला काहीही थंड करायचं असलं की त्याचा हात आधी कूलरच्या गवताकडे जातो. आम्ही रेडिएटरसमोर गवताची ताटी तारेनं बांधली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! ओल्या गवतानं होता तो वाराही अडवला. चौथ्या फेरीतच वाफ निघाली.

हरले मी. करा तोंड मोठं, म्हटलं. पेटी आणि रेडिएटर त्याच्या स्कूटरवर लादून आम्ही बाजारातल्या एका कूलरवाल्या भाऊंकडे गेलो, पत्र्याचं मोठं तोंड करून घ्यायला. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी जास्त भांडते, त्यामुळे वाटभर मी भांडत होते.

भाऊंनी पेटी उलटीपालटी केली, आत हात घातला.

"तोंड मोठं करून काय होईन, बाई? हवा आत जाईन, पण निघाले जागा कुठी हाय? घरी कूलर लावता तं मांगची खिडकी बंद ठेवता काय?"

आमच्या घरी कूलर लागला की "मागची खिडकी उघडा रे" म्हणून ओरडणारी मीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

"काऊन बंद केलं हे? कोनं केलं?" भाऊंनी विचारलं.

आता खरं सांगते. या वरोऱ्याच्या पोरानं जानेवारीतच मला कागदावर काढून दाखवलं होतं, मागून गरम हवा निघायला वाट ठेव म्हणून. माझ्या मरळीचं शेपूट कापायचं? मी तो कागद त्याच्याच हातात परत कोंबला होता.

"आमच्याच्यानं राहून गेलं, भाऊ," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की खरं सांगायचं धाडससुद्धा झालं नाही.

वर्कशॉपमध्ये येऊन शेपटावर मीच करवत चालवली. तोंड होतं तेवढंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीनं वीसच्या वीस फेऱ्या मारल्या. काटा मध्यावरून हलला नाही. उलट, अडून तोंडाबाहेर सांडणारा वारा आता सरळ पार होत होता, त्यामुळे गाडी पळायलाही लागली. पोरांनी आरडाओरडा केला. सरांनी मागचं भोक वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं डोकं?"

गाडीचं अंग माझं, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानंही. टाळ्या सुरू झाल्या.

"माझं नाही, सर," मी म्हणाले. "यानं जानेवारीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. गाडी इतके दिवस माझ्यामुळे तापत होती."

टाळ्या थांबल्या. तो रेडिएटरचं झाकण पुसत होता, पुसतच राहिला. मग वर न बघता हळूच म्हणाला,

"जानेवारीत नाई. डिसेंबरात."