विचारून हात लावणारी अक्का

आमची अक्का न विचारता कुणालाही हात लावत नाही. लग्नात नवरीचा पदर घसरला की बाकीच्या बायका तिच्यावर तुटून पडतात, अक्का समोर उभी राहून म्हणते, "मी सारखा करू? चालेल?" तोवर भटजी घड्याळ बघायला लागतात. मूळची नर्स ती. रुग्णाला स्पर्श करण्याआधी विचारायचं, ही सवय वॉर्ड सुटला तरी सुटली नाही.

अक्का माझी थोरली चुलतबहीण. निपाणीहून बेंगळुरूला नर्सिंग शिकायला आली आणि पुढे तिथेच नर्सिंगचा इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवू लागली. ती शिकवताना वापरते ती क्रिटिकल थिअरी म्हणजे काय, हे मी तिला दर दिवाळीला विचारतो. "इस्पितळाच्या जुन्या फोटोखाली डॉक्टरांची नावं असतात, नर्सेसच्या वाट्याला नुसतं 'कर्मचारी'. असं कुणी ठरवलं, ते विचारायचं. स्वल्प तरी कळलं का, बाळ्या?" मी म्हणतो, "सरी, अक्का." म्हणजे 'बरं, अक्का'. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये इतकी वर्षं राहून माझं कन्नड एवढंच, आणि थिअरीही तेवढीच.

तिची प्रोफेसरकी तिच्या पुस्तकावर अडली होती. त्यातलं सगळ्यांत दमदार प्रकरण बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका निवृत्त सिस्टरांवर होतं. अक्का वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जाऊन ऐकत बसली. छापण्याआधी तिने ते त्यांना वाचून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "छान लिहिलंस गं. पण छापू नकोस. माझं आहे ते."

मी घरातला सल्लागार, म्हणजे न विचारता बोलणारा. म्हटलं, "त्यांनी आधी होकार दिला होता ना? नाव बदल आणि छाप."

"रुग्ण आधी हो म्हणाला आणि सुई बघून नको म्हणाला, तर टोचशील?"

"मी? मी त्याच्या आधी पळेन!"

"मग?"

प्रकरण गेलं. पुस्तक बारीक झालं, प्रोफेसरकी लांबली. त्या जागी कोऱ्या पानाच्या मधोमध एकच वाक्य राहिलं: "इथली गोष्ट जिची आहे, तिने ती स्वतःजवळ ठेवली आहे." तेवढ्या वाक्यासाठीही अक्काने सिस्टरांना विचारलं होतं. आज तिच्या विद्यार्थिनींचा नीतिशास्त्राचा पहिला तास त्याच पानापासून सुरू होतो. पुढे ती प्रोफेसर झाली, तेव्हा तिच्या दारावरच्या पाटीचा फोटो मी साऱ्या नातेवाइकांना पाठवला. अर्थात न विचारता.

हे लिहिलेलं मात्र तिला वाचून दाखवलं. पोटभर हसली. मग म्हणाली, "माझ्या आईबद्दलचा तो परिच्छेद काढ."

"अक्का, अगं, सगळ्यांत चांगला तोच जमलाय!"

"मग?" ती म्हणाली.

"सरी, अक्का," म्हटलं, आणि काढला.