लेकीचा आजार माझ्या नावावर

आमच्या घरात ‘पाळी’ हा शब्द पुरुषांच्या देखत फक्त उसाला पाणी द्यायच्या बाबतीत निघायचा. दुसऱ्या अर्थानं निघाला, की मला दुकानातलं एखादं तातडीचं काम आठवायचं. (माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. तिथं मी दिवसभर कसल्याही गळतीवर न लाजता बोलतो.)

त्यामुळे आमच्या चोवीस वर्षांच्या लेकीला, रेवाला, डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस असल्याचं सांगितलं तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. बाई समजावत होत्या: पुरुषी हार्मोन जरा जास्त आहेत, इन्सुलिन शरीराला नीट लागू पडत नाही, म्हणून पाळी लांबते, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. पुढं मधुमेहाचा धोका असतो, तेव्हा आत्ताच सांभाळायचं. भात आणि गोड कमी, रोज चालणं, व्यायाम, गोळ्या. “यात कुणाची चूक नसते,” असंही म्हणाल्या. मी मान हलवली. मनात मात्र गुन्हेगार ठरला होता. लहानपणी रोज संध्याकाळी, गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतात त्या दुधाच्या कट्ट्यावर नेऊन पोरीला म्हशीचं धारोष्ण दूध साखर घालून कोण पाजत होतं? मीच.

गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो, तर तिथं तानाजी. तालमीपासूनचा माझा दोस्त. त्याला हळू बोलता येत नाही.

“कुणाच्या रं ह्या गोळ्या? माझी आई ह्याच घेती की. साखरंच्या हायत.”

रेवाला स्थळं यायला लागली होती. मी म्हणालो, “माझ्या.”

बापानं लेकीसाठी केलेला त्याग, असं मला त्या वेळी वाटलं होतं!

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर माझ्या हातातला दुधाचा ग्लास काढून घेण्यात आला. बेकरीवाल्यानं नानकटाई द्यायला नकार दिला. शेजारून कारल्याचा रस यायला लागला, आणि आणणारी बाई तो संपेपर्यंत दारातून हलायची नाही. बायको, अलका, शांतपणे म्हणायची, “प्या की. आजारी तुम्हीच न्हवं?” रेवा मात्र पहाटे माझ्याबरोबर रंकाळा तलावावर चालायची, मोजून भात खायची. नेटानं करत होती पोरगी.

मग तानाजीच्या गावाकडं म्हाई आली. देवीच्या नावानं अख्ख्या गोतावळ्याला मटणाचं जेवण. पंगतीत माझ्या ताटात भाकरी, कांदा आणि काकडी एवढंच पडलं. तांबडा रस्सा माझ्या नाकाखालून पुढं गेला. आणि तानाजीची बायको, पारूवहिनी, रेवाच्या ताटात भाताचा ढीग ओतायला लागली.

“खा गं पोरी. बापाच्या तोंडाला कुलूप हाय, त्याच्या वाटणीचं तू खा.”

रेवानं हात आडवा धरला. वहिनींनी तो बाजूला सारून आणखी एक वाढणी घातली. कोल्हापुरात नको म्हणायला जबरदस्त कारण लागतं, आणि पोरीचं कारण तर मी स्वतःच्या नावावर करून बसलो होतो. तिनं भाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “माझं एवढं लपवण्यासारखं हाय व्हय?”

हातातली काकडी मी ताटात ठेवली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या माझ्या नाहीत, रेवाच्या. पीसीओएस, हार्मोन, इन्सुलिन आणि पाळीसुद्धा. आवाज तालमीतला असल्यानं पंगतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. (तिथं सरपंच बसले होते.)

वहिनींनी रेवाचं ताट उचललं, भात काढून घेतला, मटणाच्या चार फोडी जास्त घातल्या.

“आधी सांगायचं न्हाय व्हय? आमच्या थोरलीला बी हेच हाय. जा, बस तिच्याजवळ. ती बी भात बघून तोंड फिरवती.”

थोड्या वेळानं बघतो तर दोघी पोरी डोक्याला डोकं लावून खिदळत होत्या. रेवाला इतकं मोकळं हसताना मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मी डोळे पुसले. ठसका लागला म्हणालो, पण ठसका लागावा असं माझ्या ताटात काही नव्हतंच.

तेव्हा मी वाटी पुढं केली. “तान्या, आता तरी रस्सा घाल. मला काही झालेलं न्हाय.”

तानाजीनं पळी तशीच धरून माझ्याकडं बघितलं. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, “लाज वाटत न्हाय? वाटीभर रश्श्यासाठी सोताचा आजार लेकीच्या नावावर खपवतोस?”

आणि ताटात आणखी एक काकडी ठेवली.